पावतीवरचा सर्वांत लहान आकडा

प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे प्राध्यापकांनाही कार्यालयात बसावे लागते. कागदपत्रे तपासायची, विषयांचे गट समजावून सांगायचे, उत्पन्नाचा दाखला जुना असेल तर नवा आणायला सांगायचे, अशी ती कामे. यंदा एका दुपारी एक पालक दोन मुलींना घेऊन आले होते. जुळ्या बहिणी, बारावीचे गुणही जवळपास सारखे. एकीने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचे ठरवले होते, दुसरीने बी.एस्सी. संगणकशास्त्र. पहिलीचे शुल्क एका खिडकीवर भरायचे, दुसरीचे शेजारच्या खिडकीवर. दोन्ही पावत्या हातात आल्यावर त्यांनी त्या माझ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या, आधी एका बेरजेवर आणि मग दुसऱ्या बेरजेवर बोट टेकवले आणि विचारले, "सर, दोघी एकाच गेटातून आत जाणार ना?" आवाजात तक्रारीचा सूर नव्हता, खरोखरच काही राहून गेले आहे का हे ते पाहत होते. मी बोलण्याआधीच लिपिकाने सवयीने सांगितले, "काका, ते अनुदानित आहे, हे विनाअनुदानित." त्यांनी मान डोलावली, पावत्यांची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मुलींना घेऊन ते निघाले. लिपिकाचे उत्तर नियमाला धरून होते. पण त्या उत्तराने त्या गृहस्थांना काय कळले असेल, हा प्रश्न मला पुढे बरेच दिवस सतावत राहिला.

पावती हा कागद नीट वाचायची सवय आपल्याला नसते. त्या दिवसानंतर मी दोन्ही प्रकारच्या पावत्या मागवून घेतल्या आणि ओळ न् ओळ वाचली. प्रवेश शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, वैद्यकीय तपासणी, विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध, ई-सुविधा, विमा, अनामत. अश्वमेध म्हणजे आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवासाठीची वर्गणी, हे अनेक प्राध्यापकांनाही सांगता येणार नाही. या सगळ्यांच्या गर्दीत अनुदानित पावतीवर 'शिक्षण शुल्क' ही ओळ असते आणि तिच्यापुढचा आकडा इतका लहान, की तो छापायला विसरले असते तरी बेरजेत फारसा फरक पडला नसता. विनाअनुदानित पावतीवर मात्र हीच ओळ सगळ्या पावतीला व्यापून बसलेली असते. याचे कारण साधे आहे. पहिल्या मुलीला शिकवणाऱ्याचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, दुसरीला शिकवणाऱ्याचा पगार तिच्या वडिलांच्या खिशातून. दोन्ही मुली गणिताचा एखादा तास एकाच वर्गखोलीत, फक्त वेगवेगळ्या वेळी, करतील आणि तीन-चार वर्षांनी एकाच कुलगुरूंच्या सहीची पदवी घेतील.

हीच दुफळी स्टाफरूममध्येही आहे आणि तिथे ती अधिक अवघड आहे, कारण तिथे मीही बसतो. मी नियमित, पूर्णवेळ, मान्यताप्राप्त पदावर आहे. माझा वेतन आयोग, माझी पदोन्नती, माझ्या रजा, सगळे नियमात बसवलेले आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे आणि तासिका तत्त्वावर आहे. सकाळी आमच्याकडे दोन तास घेऊन तो मोटरसायकलवर दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जातो. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून मानधन नाही, परीक्षा सुरू झाल्या की तास नाहीत, उन्हाळ्यात तर काहीच नाही. जे तास झाले त्यांचे देयक विभागप्रमुख, प्राचार्य आणि सहसंचालक कार्यालय अशी वाट चालत जाते आणि परतीला किती दिवस लावते याचा अंदाज तोही आता बांधत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला प्रत्येक व्याख्यानासाठी १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये, अशी मर्यादा घालून दिली. त्या कागदातला 'कमाल' त्याने कधी पाहिलेला नाही. मुलांना मात्र तो अधिक आवडतो. माझ्याकडे न विचारलेल्या शंका घेऊन मुले त्याच्याकडे जातात, तो फळ्यावर पुन्हा मांडणी करून दाखवतो, आणि दाराशी उभे राहून ते ऐकताना मला कौतुक वाटते, थोडी लाजही वाटते, आणि आपल्या निवृत्तिवेतनाचा विचार मनात येऊन सुटल्यासारखेही वाटते. या तिन्हींपैकी एकच भावना खरी आहे असे म्हणता येत नाही.

आम्ही दोघे पगाराविषयी कधीच बोलत नाही.

मी स्वतः शिकलो तेव्हा हा फरक नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. ते पूर्णपणे खरे नाही, पण अगदी खोटेही नाही. माझ्या महाविद्यालयातही पावती होती, ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीचा अर्ज होता, तलाठ्याच्या दाखल्यासाठी चावडीवर घातलेल्या फेऱ्या होत्या. पण शिकवणारे सर्व एकाच मस्टरवर सही करत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरताच किपच्या उपकरणातून येणारा कुजक्या अंड्यांचा वास नाकात बसे आणि घरी जाईपर्यंत शर्टाला राही. ते उपकरण सकाळी भरून ठेवणारे, आम्ही हात लावायच्या आत ओरडणारे एक प्रयोगशाळा परिचर होते. क्षारांची ओळख करताना कोणाचा अवक्षेप काळा आला की ते दुरूनच सांगत, "शिसं हाय ते." त्यांच्याजवळ पदवी नव्हती, तरी गुणात्मक विश्लेषणाचा अर्धा अभ्यासक्रम आम्ही त्यांच्याकडून शिकलो. आज माझ्या विभागात परिचराचे पद मंजूर आहे, पण ते रिकामे आहे. पगाराचे अनुदान येते तिथे पद भरायला परवानगी लागते, आणि पगाराव्यतिरिक्तच्या खर्चाचे, म्हणजे वेतनेतर अनुदान इतके आटले आहे की रसायनांची खरेदी 'प्रयोगशाळा शुल्क' या ओळीवरच चालते. काही प्रयोग आता आम्ही पडद्यावर दाखवतो. अवक्षेप स्वच्छ दिसतो, रंगही खरा असतो. वास येत नाही.

ही व्यवस्था एका दिवसात झाली नाही आणि कोणी दुष्टपणे केलेलीही नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे ब्रिटिशांच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, दोन गोष्टी एकत्र आणल्या: लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी विद्यापीठे आणि खासगी संस्थांना सरकारी अनुदान. त्यातून १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे झाली. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, ही वाटणी तेव्हाची. लंडनने स्वतः विसाव्या शतकाच्या आरंभी आपले विद्यापीठ शिकवणारे करून घेतले. आपण मात्र संलग्नतेचे, म्हणजे एका विद्यापीठाला अनेक महाविद्यालये जोडण्याचे, जाळे विणतच गेलो. महाराष्ट्रात या जाळ्याचे धागे समाजाने पुरवले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसन चालवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मूठमूठ धान्य गोळा करून रयत शिक्षण संस्था वाढवली आणि 'कमवा आणि शिका' योजनेतून हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले. पुढे सरकारने या संस्थांचे वेतन उचलले आणि बदल्यात शुल्क आणि नेमणुका यांवर हात ठेवला. हा सौदा दोघांनाही मानवला. माझी नोकरी याच सौद्याचे फळ आहे.

मग १९८३ आले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे आणि मीही अनेकदा ठेवली आहेत, पण त्याआधी आपली मुले अभियांत्रिकीसाठी कर्नाटकात जात होती आणि पैसा तिकडेच जात होता, ही वस्तुस्थिती आहे. साखर कारखान्याच्या परिसरात महाविद्यालय उभे राहिले म्हणून त्या भागातली पहिली अभियंता मुलगी घडली, अशी घरे मी पाहिली आहेत. त्या दाराने आत आलेले प्रश्न मात्र न्यायालयांना पुढची वीस-बावीस वर्षे सोडवत बसावे लागले. १९९२ चा देणगी शुल्काविरुद्धचा मोहिनी जैन खटला, १९९३ चा उन्नीकृष्णन, ज्यात निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या शुल्काच्या अशी योजना आली, २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात ती योजना मोडीत निघाली, आणि २००५ च्या इनामदार निकालाने खासगी संस्थांना आणखी मोकळीक दिली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायदा करून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क ठरवणारे प्राधिकरण नेमले. एवढे सगळे झाले ते व्यावसायिक शिक्षणासाठी. दरम्यान साध्या कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयांत काय झाले? २००१ पासून नव्या महाविद्यालयांना अनुदानाविनाच परवानगी मिळू लागली, आणि जुन्या महाविद्यालयांनी आपल्याच इमारतीत विनाअनुदानित तुकड्या उघडल्या. त्यासाठी आंदोलन झाले नाही, निकाल लागला नाही. एक खिडकी वाढली, इतकेच.

गेल्या काही वर्षांत सुधारणेची भाषा फार बोलली जाते आणि तिच्यातले बरेचसे मला पटते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची, प्रत्येक महाविद्यालय एक तर स्वतः पदवी देणारे स्वायत्त व्हावे नाही तर विद्यापीठाचा घटक व्हावे, असे म्हटले आहे. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या बहुशाखीय संस्था हे त्याचे स्वप्न आहे. देशातल्या निम्म्याहून अधिक महाविद्यालयांत पाचशेही विद्यार्थी नाहीत, हे लक्षात घेतले की या स्वप्नाचा आकार कळतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत ४५,४७३ महाविद्यालये आणि ४.३३ कोटी विद्यार्थी नोंदले गेले. अठरा ते तेवीस वयोगटातले शंभरातले २८ जण उच्च शिक्षणात होते. २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० वर न्यायचे आहे. नियमन, मूल्यांकन, अनुदान आणि दर्जानिश्चिती ही चार कामे चार वेगळ्या हातांत द्यावीत, हीदेखील धोरणातली शहाणी सूचना आहे. ज्याच्या हातात पैशाची थैली त्याच्याच हातात छडी असली, की महाविद्यालय विद्यार्थ्यांकडे पाहायचे सोडून त्या हाताकडे पाहू लागते. नॅक या मूल्यांकन परिषदेच्या भेटीआधी आमच्या बागेतल्या विटांना गेरू लागतो तो काही विद्यार्थ्यांसाठी नाही.

स्वायत्ततेचे फायदे मी जवळून पाहिले आहेत. एका स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यास मंडळावर मला जावे लागते. तिथे अभ्यासक्रमातला कालबाह्य घटक काढायला एक बैठक पुरते, विद्यापीठात त्याला वर्षे जातात. निकाल महिन्याभरात लागतो. मुलांना उत्तरपत्रिका पाहायला मिळते. पण त्याच बैठकीच्या शेवटी, चहा येण्याच्या सुमारास, नव्या अभ्यासक्रमांची यादी पुढे येते आणि त्या यादीतल्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पुढे 'स्वयंअर्थसहाय्यित' असे लिहिलेले असते. दर वेळी. परीक्षा विभाग चालवायला माणसे लागतात, सॉफ्टवेअर लागते, छपाई लागते, आणि स्वायत्ततेबरोबर त्यांसाठी पदे येत नाहीत. म्हणून शुल्काचा नवा ओघ शोधावा लागतो. अशा रीतीने अभ्यासक्रम ठरवण्याच्या स्वातंत्र्याची परिणती पाहता पाहता शुल्क आकारण्याच्या स्वातंत्र्यात होते. त्या टेबलाभोवतीची माणसे लोभी नाहीत. त्यांना महिनाअखेरीला तासिका तत्त्वावरच्या वीस जणांची देयके भागवायची असतात.

केंद्राच्या मोठ्या संस्थांची गोष्ट निराळी वाटते, पण तिथेही वारे त्याच दिशेचे आहे. २०१७ मध्ये कॅनरा बँकेच्या भागीदारीत उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था, म्हणजे हेफा, स्थापन झाली आणि इमारती-प्रयोगशाळांसाठीच्या अनुदानाची जागा कर्जाने घेतली. अनेक संस्थांना मुद्दल आपल्या अंतर्गत उत्पन्नातून फेडायचे असते, आणि शिक्षणसंस्थेच्या अंतर्गत उत्पन्नाचा अर्थ शेवटी पावतीवरच येऊन थांबतो. राज्यांसाठी २०१३ मध्ये रुसा, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, आले, साधारण ६०:४० अशा वाट्याने, आणि त्यात रिक्त पदे भरण्याची अट होती. इमारती झाल्या. पदांची अट कागदावर बरीच वर्षे तग धरून राहिली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे म्हटले होते, १९६८ आणि १९८६ च्या धोरणांनी ते पुन्हा म्हटले, २०२० च्या धोरणानेही म्हटले आणि तेव्हाचा सरकारी खर्च ४.४३ टक्के असल्याचे त्यातच नोंदवले. सहा टक्के हा आता आपल्याकडे मंगलाष्टकांसारखा झाला आहे, मुहूर्ताला म्हणायचा.

पण पैसा वाढवा एवढेच म्हणून मला थांबता येत नाही, कारण अनुदानावर घेतला जाणारा एक आक्षेप मला आतून टोचतो. अनुदानित जागा गुणवत्तेच्या यादीने भरतात. यादीत वर कोण असते? ज्याच्या घरी टेबल होते, शिकवणी होती, आईवडील शिकलेले होते, तो. म्हणजे तिजोरीतून आलेला पैसा आधी त्याच्याकडे जातो ज्याची भरण्याची ऐपत बरी होती, आणि यादीत खाली राहिलेली मुलगी विनाअनुदानित खिडकीवर येते. आरक्षणाने ही उतरंड काही प्रमाणात मोडली आहे, पूर्णपणे नाही. माझा एक अर्थशास्त्रज्ञ मित्र म्हणतो, संस्थेला देणे बंद करा, पैसा विद्यार्थ्याबरोबर चालू द्या, ऐपतीप्रमाणे शुल्क घ्या आणि उरलेले कर्जाने भागवा. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये अशी पद्धत सुरू केली: शिकताना काही भरायचे नाही, पुढे उत्पन्न ठरावीक मर्यादेवर गेले की कराबरोबर थोडेथोडे फेडायचे, उत्पन्न नसेल तर तगादा नाही. कल्पना म्हणून ती सुंदर आहे. आपल्याकडे मात्र अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभराने बँकेचा हप्ता सुरू होतो, नोकरी लागो न लागो, आणि मोठ्या कर्जाला वडिलांची जमीन तारण लागते. जिथे बहुसंख्य पदवीधर प्राप्तिकराच्या जाळ्यात कधी येतच नाहीत, तिथे कराबरोबर वसूल करायचे म्हणजे कोणाकडून, याचे उत्तर मित्राजवळही नसते. तो विषय बदलतो, मीही बदलू देतो.

पैसा विद्यार्थ्याबरोबर चालण्याचा अनुभव आपल्याला नाही असेही नाही. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे शिकलेल्या पिढ्यांशिवाय आजच्या महाराष्ट्राची कल्पना करता येणार नाही. २०२०-२१ पासून तिच्यात केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरला आणि २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मुलींच्या चेहऱ्यावर त्याचा परिणाम मी पाहिला आहे, त्यामुळे या योजनांना मी नावे ठेवणार नाही. फक्त एक गोष्ट सांगायची आहे, जी मला दोन्ही पावत्या घेऊन बसलो तेव्हा लख्ख दिसली. शुल्काची प्रतिपूर्ती मुलीला वर्गात बसवते. वर्गात शिकवणारा उभा राहतो तो पदाच्या अनुदानाने. हे दोन वेगळे पैसे आहेत आणि गेली पंचवीसेक वर्षे आपण पहिला वाढवत आणि दुसरा गोठवत आलो आहोत. म्हणून वर्ग भरलेले आहेत, शुल्क माफ आहे, आणि फळ्यापुढचा माणूस परीक्षा सुरू झाली की बेकार आहे.

माझ्या हाती अधिकार असता तर मी स्वायत्तता, काही महाविद्यालयांनी एकत्र येऊन केलेली समूह विद्यापीठे, चार वर्षांची पदवी यांपैकी काहीही थांबवले नसते, पण या सर्वांच्या आधी एक रटाळ काम केले असते. दर वर्षी आम्ही विभागाच्या कार्यभाराचा तक्ता भरतो: कोणत्या विषयाचे आठवड्याला किती तास, त्यावरून किती पदे हवीत. त्या तक्त्यात फक्त अनुदानित तुकड्यांचे तास मोजायचे असतात. संगणकशास्त्राचे तास, जे आमच्याकडे सर्वाधिक मुले करतात, त्यात येतच नाहीत, म्हणून नियमाच्या नजरेला त्या मुली दिसत नाहीत आणि त्यांना शिकवणाराही लागत नाही. संपूर्ण महाविद्यालयाचे तास एकत्र मोजावेत, त्यावर पदे ठरवावीत, आणि शुल्काचे एकच कोष्टक करून ते घरच्या उत्पन्नाप्रमाणे चढते ठेवावे. यात माझ्यासारख्यांच्या मुलांचे शुल्क वाढेल, आणि ते वाढायला हवे. यासाठी नवे राष्ट्रीय धोरण लागत नाही, संसदेत विधेयकही लागत नाही, राज्याचा एक शासन निर्णय पुरतो. पण त्यावर वित्त विभागाची संमती लागते, आणि परिचराच्या पदाचा आमचा प्रस्तावही तिथेच आहे.